परतीचा वेळ

गेल्या जूनमधल्या एका गुरुवारी, दुपारी सव्वातीन वाजता, के. आर. पुरममधल्या आमच्या शेजारच्या आजी वारल्या. वय नव्वद. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या वेळी विमानतळावरून घरी येणाऱ्या टॅक्सीत होता.

त्या मुलाला सगळे अण्णा म्हणत. घराखालच्या गाळ्यात त्यांचं विमान-तिकिटांचं दुकान होतं. तुम्ही गेला असाल तर आठवेल. गिऱ्हाइकानं लंडन म्हटलं, की संगणकाकडे न बघता अण्णा बोट वर करायचे. "जायचं कुणीही सांगेल हो. यायचं किती, ते विचारा की." मग परतीचा वेळ सांगत, तोही घराच्या उंबऱ्यापर्यंतचा. विमानतळ ते घर ते नेहमी दीड तास धरत.

स्वतः ते विमानात कधी बसले नव्हते. वडील पुण्यात वारले तेव्हा अण्णा यशवंतपूरहून सुटलेल्या गाडीत, पुण्याच्या वाटेवर होते. तोंडात पाणी शेजाऱ्यानं घातलं. आईच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

अण्णांची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला. अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर, थेट विमानाला सतरा तास. "निघताना घड्याळ फसवतं. त्याच तारखेला पोचवतं," ते म्हणायचे. "येताना तारीख कापून घेतं. तिसरा दिवस उजाडतो की."

अंथरुणाला खिळलेल्या आजी आतून ओरडायच्या, "सतरा तासच ना रे? मी श्वास धरून बसते. जा, नात बघून ये!"

"स्वल्प थांब ग आई," अण्णा म्हणायचे. हे सहा वर्षं चाललं.

शेवटी मुलगीच नातीला घेऊन आली. परत जाताना अण्णा त्यांना सोडायला विमानतळावर गेले. आजींजवळ मी बसलो. अण्णा एक वाजता तिथून निघाले. पावणेतीनला आजींचा श्वास बदलला. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. मी फोन लावला.

"अण्णा, कुठं आहात?"

"हेब्बाळच्या पुलावर. पुढं टँकर उलटलाय. तासभर चाक हललेलं नाही."

"उतरून चालत येता येईल?"

"पंधरा किलोमीटर आहेत हो." मग म्हणाले, "फोन तिच्या कानाशी धरा. पाणी तुम्ही घाला."

मी चमच्यानं पाणी घातलं. फोनमधून हॉर्न ऐकू येत होते, आणि मधूनमधून "आई, आलोच की."

ते पाच वाजून दहा मिनिटांनी पोचले. चपला न काढता आत आले. मुलीचं विमान तोवर अडीच हजार किलोमीटर गेलं होतं, हे त्यांनी तेराव्यानंतर सांगितलं.

ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःचं तिकीट काढलं. मी विचारलं, "अण्णा, यायचं किती?"

"सरी, बरं," एवढंच ते म्हणाले आणि गाळ्याची किल्ली माझ्या हातात दिली.

विमान वेळेवर उतरल्याचा मुलीचा निरोप आला. तिकीट एकेरी होतं.