हापशाच्या गाण्याचे अडतीस सेकंद

रविवार, अकरा जानेवारी. रक्कम सहा हजार रुपये. हजर तिघे: मी, ज्यांच्या घरी आम्ही गाणी ऐकायला बसतो त्या निवृत्त शिक्षिका, आणि औषधांचं दुकान चालवणारा आमचा मित्र. पैसे मित्राच्या खात्यावर आले होते आणि ते त्याचे नव्हते. तरी तो पेढे घेऊन आला होता.

आमची ही बैठक राहात्यात सहा वर्षं चालू आहे. महिन्यातून दोन रविवारी, सकाळी दहाला. प्रत्येकानं एक गाणं आणायचं, बाकीच्या दोघांनी कधी न ऐकलेलं, आणि ते कुठं सापडलं, कुणी म्हटलंय ते सांगायचं. शिक्षिकाबाई ते वहीत उतरवून घेतात. गाणं पाच मिनिटांच्या वर असता कामा नये. हा नियम माझा. मित्रानं एकदा सव्वीस मिनिटांची कव्वाली लावली, तेव्हा मी तो केला आणि तेव्हापासून घड्याळ पुढ्यात ठेवून पाळायला लावतो.

गेल्या वर्षी आठवडे बाजारात भंगारवाल्याकडून मी साठ रुपयांना चौदा कॅसेटी घेतल्या. नऊ चिकटलेल्या निघाल्या, चारांवर सगळ्यांना पाठ असलेली सिनेमाची गाणी. उरलेल्या एकीवर एक बाई गात होती. साथीला फक्त कळशीवर अंगठीचा ठेका. गावात पहिला हापसा बसला त्यावर तिनं गाणं रचलं होतं: ‘हापशा रे हापशा, पानी तुझं लई ग्वाड, हाताला माझ्या फोड.’ कडव्याच्या शेवटी दम लागल्यासारखा ती सूर तोडायची आणि ठेका एकटाच चालू राहायचा. मी ते सलग चार वेळा ऐकलं. इतकं चांगलं काही मला सहा वर्षांत सापडलं नव्हतं.

मोबाईलवर उतरवलं तर पाच मिनिटं एकतीस सेकंद भरलं. सुरुवातीला ती गाणारी स्वतःचं नाव सांगत होती, नवऱ्याचं नाव, सुप्याजवळचं गाव, आणि हे गाणं मीच रचलंय म्हणून. ते अडतीस सेकंद होते. मी ते कापले. चार मिनिटं त्रेपन्न सेकंद झालं, नियमात बसलं. नाव-गाव मी बैठकीत तोंडी सांगितलं, बाईंनी वहीत लिहिलं. मग मी ते गाणं दोघांना मोबाईलवर पाठवलं.

मित्रानं ते इंटरनेटवर टाकलं. आम्हाला न विचारता टाकलं, याचा मला राग नव्हता; गाणी चार लोकांपर्यंत जावीत म्हणून तर आम्ही बसतो. पण खाली लिहिलं ‘गायिका अज्ञात’, आणि त्याखाली ‘शोध’ म्हणून स्वतःचं नाव. शिर्डीतल्या एका हॉटेलवाल्याला ते आवडलं, त्यानं आपल्या जेवणाच्या जाहिरातीला वापरायला मागितलं, आणि मित्रानं मालक असल्यासारखी परवानगी देऊन सहा हजार घेतले. पेढे त्या पैशांचे होते.

बाईंनी पेढ्याला हात लावला नाही. वही उघडून ते पान त्याच्यासमोर धरलं. तो हसत म्हणाला की बैठकीसाठी चांगला स्पीकर घेऊ, सगळ्यांचाच फायदा. ती गाणारी आता जिवंत आहे की नाही कुणाला ठाऊक, असंही म्हणाला.

मी म्हणालो, “अज्ञात कशी? नाव तुझ्यादेखत सांगितलं होतं.”

“तू पाठवलेल्यात दाखव ना नाव,” तो म्हणाला. “कुठंय?”

तो खोटं बोलत होता, आणि त्याला खोटं बोलायला जागा मी करून दिली होती. त्या दिवशी मी इतका चिडलो होतो की घरी येऊन जेवलो नाही.

पुढच्या शनिवारी नगरला गाडी बदलून सुप्याला गेलो, तिथून रिक्षानं गावात. नाव सांगून विचारलं, तर दुसऱ्या माणसानंच घर दाखवलं. ती हयात होती. सत्तरीच्या पुढची, ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. सून एमआयडीसीतल्या कारखान्यात जाते, तिची तेव्हा सुट्टी होती.

मी हापशाच्या गाण्याचा विषय काढला तशी सून म्हणाली की त्या गाण्याचं नावच काढू नका. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या पोरीच्या मोबाईलवर ते वाजलं, आणि म्हातारी म्हणाली हे माझं गाणं. पोरीनं वाचून दाखवलं, इथं तर अज्ञात लिहिलंय. तेव्हापासून आळीतल्या बाया तिला टोमणे मारतात. नळावर हसतात. सुनेचाही विश्वास बसलेला नव्हता, हे ती सासूसमोरच सांगत होती. सांगताना सूनही मान खाली घालून बसली होती. म्हातारीकडे कॅसेटची एकही प्रत नव्हती. तेव्हा ज्यानं गाणं रेकॉर्ड केलं, त्यानं तिला ती दिलीच नव्हती.

मी सबंध रेकॉर्डिंग मोबाईलवर घेऊन गेलो होतो. पहिले अडतीस सेकंद लावले. तरुण आवाजात ते नाव, ते गाव. सून उठून जवळ आली, पुन्हा लावा म्हणाली. मी तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी तिनं शेजारणीला हाक मारली.

मग मी म्हातारीला खरं काय झालं ते सांगितलं. मित्राचंही आणि माझंही.

“नाव कापलं? का वो भाऊ?”

“पाच मिनिटांत बसत नव्हतं, मावशी.”

“मंग गानं कापायचं व्हतं.”

ती हे रागावून बोलली नाही. तरीही त्याचा राग मला अजून येतो, आणि तो माझ्यावर आहे.

परत आल्यावर मित्राला हे सगळं सांगितलं. नाव घालून गाणं नव्यानं टाक म्हटलं, तर म्हणाला आत्तापर्यंत ऐकलेल्यांचा आकडा शून्यावर येईल. कुणाचा आकडा, असं बाईंनी विचारलं. शेवटी त्यानं खालचा मजकूर तेवढा बदलला. हॉटेलवाल्याला मीच फोन करून नाव कळवलं, त्यानं जाहिरातीत घातलं. पैशांत मात्र मित्र अर्ध्यावर अडला. शोधायची, टाकायची मेहनत नाही का, म्हणाला. शोधलं मी होतं. तीन हजार देऊन तो उठला आणि त्यानंतर बैठकीला आलेला नाही.

ते तीन हजार घेऊन मी पुन्हा गेलो. अर्धेच का, ते म्हातारीला सांगितलं.

“म्या काय अरधं म्हनलं व्हतं?” तिनं विचारलं.

पाकिटात माझे तीन हजार वेगळे होते, ते मी त्यांत घातले आणि कुणाचे किती ते तिला सांगितलं. सून हात पुढं करत होती. सहाही हजार मी म्हातारीच्या हातात दिले. तिनं ते मोजून घेतले.