टॉवेलाखालचा भाव

निपाणीच्या तंबाखू बाजारात त्या काळी भाव तोंडानं ठरत नसे. शेतकरी आणि दलाल टॉवेलाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबायचे आणि सौदा व्हायचा. शेजारी उभा असलेल्यालाही पत्ता लागत नसे. मला या प्रकाराची शिसारी होती. माझे वडील, म्हणजे आप्पा, टॉवेलातून हात काढत आणि गावी येऊन सांगत की आपल्याच मालाला सगळ्यांत चढा भाव लागला. दरवर्षी! गावही असं भोळं, की त्यांना विचारल्याशिवाय कुणी तंबाखू बाजारात न्यायचं नाही.

ऐंशीच्या दशकात मी आणि एका वर्गमित्रानं बेळगावात कंपनी काढली. खानावळीच्या माडीवर एक खोली आणि एक कॉम्प्युटर. प्रोग्रॅमची एक ओळ लिहून व्हायच्या आधी मित्रानं व्हिजिटिंग कार्डं छापली आणि स्वतःला मॅनेजिंग डायरेक्टर करून घेतलं. त्याला टाय बांधता येत होता. एवढ्या भांडवलावर गडी धंद्यात उतरला होता. प्रोग्रॅम मी लिहिला, तंबाखूच्या आडत दुकानांसाठी. सौदा झाला की भाव भरायचा. बटण दाबलं की दिवसाचे सगळे भाव, चढा वर आणि पडका खाली, पडद्यावर हजर. टॉवेलाचा कारभार मी एकटा संपवणार, अशा तोऱ्यात होतो.

पहिलं गिऱ्हाईक निपाणीचे एक शेठ. त्यांनी मशीन घेतलं तर कंपनी तगणार, नाहीतर खोलीला कुलूप. शेठनी कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, की-बोर्डवर कुंकू सांडलं. बघायला शेतकऱ्यांची ही गर्दी. मी प्रिंटर जोडत होतो, तोवर मित्रानं दिवाणजींना विचारून सकाळचे सौदे भरले, बटण दाबलं आणि रेडिओवर बातम्या द्याव्यात तशा आवाजात नावं आणि भाव वाचायला लागला. शेठचा चेहरा उतरत चालला आणि मला गुदगुल्या होत होत्या. शेवटचं नाव आप्पांचं निघालं. भाव सगळ्यांत कमी.

आप्पा गर्दीतच होते, हे मला तेव्हा दिसलं. शेजारी आमच्याच गावची माणसं. त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "व्हय आप्पा, मग दरसाल चढा भाव कुणाला लागतोय म्हणायचा?"

आप्पा पुढं आले. खांद्यावरचा टॉवेल काढून पडद्यावर टाकला. मला म्हणाले, "झाक रं ते." आणि तसेच बाहेर पडले.

शेठ सावरले. "यंत्र लई ब्येस हाय. तेवढा भावाचा रकाना काढा."

"काढतो की, शेठ!" मित्र म्हणाला. मला विचारायची त्याला गरज वाटली नाही.

रकाना गेल्यावर उरलं काय? पोती मोजायचं यंत्र. तेच यंत्र मग बाजारातल्या बाकीच्या दुकानांनीही हौसेनं घेतलं. कंपनी तगली, मित्रानं सोनेरी टायपिन घेतली.

गावात आप्पांना पुन्हा कुणी भाव विचारला नाही. तेही बाजारात गेले नाहीत. आमची तंबाखू धाकटे काका न्यायचे. इतकी वर्षं खोटं सांगायचं कशाला, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

तो टॉवेल शेठनी ठेवून घेतला, मशीनवर धूळ बसू नये म्हणून. दुरुस्तीला गेलो की मी तो उचलायचो, काम करायचो आणि निघताना चारी कोपरे ओढून परत नीट पांघरायचो. आप्पांनी तो कधी मागितला नाही, आणि आणून द्यायचं धाडस मला झालं नाही.