पाहुणीसाठी धुतलेल्या गायी

कोबुसिंगे गेली बारा वर्षं आमच्या अंकोले भागात गोचिड्या गोळा करण्याचं काम करते. लोक हसतात. तिला कधी लाज वाटली नाही. रविवारी प्रार्थनेला माझ्याशेजारी बसते तेव्हाही तिच्या पिशवीत एखादी रिकामी बाटली असतेच.

गोचीडतापाने आमची वासरं मरतात. फवारणीला गोचीड आता दाद देत नाही. मध्यंतरी लस आली, पण ती परमुलखातल्या गोचिडीच्या पोटातल्या प्रथिनावरून बनवलेली. आमच्याकडे तेच प्रथिन जरा वेगळं, डोंगरापलीकडे आणखी वेगळं. त्यामुळे लस टोचूनही गायीच्या रक्ताला आमच्या गोचिडीची ओळखच पटेना. म्हणून आता नव्या लशीसाठी प्रयोगशाळेच्या साहेबांना प्रत्येक भागातून पन्नास जिवंत गोचिड्या शुक्रवारपर्यंत हव्या होत्या. ज्या भागाच्या नाहीत, त्याचा लशीत विचार नाही.

कोबुसिंगेने म्हाताऱ्या कारुहांगाकाकांना तीन आठवडे आधीच बजावलं होतं, "दहा गायींना औषध लावू नका." गेल्या वर्षी त्यांची सहा वासरं गेली होती. ते लगेच हो म्हणाले.

गुरुवारी मीही तिच्याबरोबर काकांकडे गेले. गायी घासलेल्या पितळेसारख्या चकचकत होत्या. तिने कान उलटून पाहिले, शेपट्या उचलल्या. एक गोचीड नाही.

"काका, हे काय केलंत?"

"तू येणार म्हणून परवा दुप्पट औषध मारलं. उरलेल्या गोचिड्या सुनांनी वेचून चुलीत टाकल्या."

"किती होत्या?"

"पाचशे तरी असतील!"

"अहो, मला पन्नासच हव्या होत्या! सांगितलं नव्हतं?"

"सांगितलंस गं. पण पाहुणी दारात आणि गायींच्या अंगावर गोचिड्या? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मी कसली पाहुणी? गोचीडवाली मी!"

"बरं, आधी दूध पी. मग भांड."

दूध नाकारणं म्हणजे अपमान. ती मुकाट्याने प्यायली. मग शेजारचे तीन कळप पाहिले. काकांनी हौसेने तिथेही वर्दी दिली होती. सगळ्या गायी न्हाऊन उभ्या! दिवसभरात चार गोचिड्या मिळाल्या.

शुक्रवारी प्रयोगशाळेची गाडी आली आणि गेली. साहेबांनी आमच्या भागापुढे रेघ मारली. "आता दोन वर्षांनी बघू."

कोबुसिंगे तेच सांगायला काकांकडे गेली. "पुढच्या वेळी न कळवता येईन."

काकांना ते फार लागलं. "न कळवता? इतके परके झालो आम्ही?"

जवळच्या वासराच्या कानामागे तिचा हात फिरत होता. तिथे गाठ लागत होती. गोचीडतापाची सुरुवात.