गफूरभाईंचा गुडघा आणि चार सीलबंद बाटल्या

स्क्रीनवर गुडघ्यांच्या जागी नुसते ढग होते. दोन गुडघे, दोन ढग. मी गामा कॅमेऱ्याकडे रागाने पाहिलं. तो सेकंडहँड होता, त्यामुळे खापर फोडायला सोयीचा होता.

"काईच दिसंना ना, मॅडम?" माझ्या खांद्यामागून काकडेसाहेब म्हणाले. ते साखर कारखान्याचे लेबर ऑफिसर. आवाजात दुःख अजिबात नव्हतं. "मी म्हणलोच होतो, सोंग हाय."

टेबलावर आडवे पडलेले गफूरभाई हे सगळं ऐकत होते. ते त्याच कारखान्यात फिटर. पाऊस नव्हता म्हणून ऊस नव्हता, ऊस नव्हता म्हणून कारखान्याचा हंगाम लवकरच आटोपला होता. आता दुरुस्तीला मोजकीच माणसं ठेवणार होते. गफूरभाई म्हणायचे, गुडघा दुखतो, शिडी चढवत नाही. एक्स-रे मात्र स्वच्छ. स्कॅनमध्ये दुखणं सापडलं तर ऑपरेशन होणार आणि वर्कशॉपमध्ये बसून करायचं काम मिळणार. नाही सापडलं तर सोंगाड्या म्हणून घरी.

एमआरआय केला असता तर प्रश्नच नव्हता. पण ग्राइंडरवर काम करताना कधीतरी त्यांच्या डोळ्यात पोलादाचा कण घुसून बसला होता आणि एमआरआय म्हणजे भलामोठा लोहचुंबक. त्याच्या आत गेलं तर गुडघ्यापायी डोळा जायचा. म्हणून ते माझ्याकडे आले, बोन स्कॅनला.

आमचं हॉस्पिटल सहकारी. बीड जिल्ह्यात गामा कॅमेरा कशाला हवा, असं सगळ्यांनी विचारलं, म्हणूनच आमच्या चेअरमननी तो आणला. शरीरात सोडलेलं किरणोत्सारी औषध कुठे साठलंय, ते हा कॅमेरा टिपतो. ते औषध, टेक्नेशियम, एका शिशाच्या डब्यातल्या जनरेटरमधून रोज सकाळी काढायचं. आमच्या धंद्यात त्या जनरेटरला गाय म्हणतात आणि औषध काढण्याला दूध काढणं. त्या वर्षी चाऱ्यावाचून जिल्ह्यातल्या गाई आटल्या होत्या, आमची एकटी बिनचाऱ्याची दुभती होती. हा विनोद मी प्रत्येक पेशंटला ऐकवायचे. हसायचे मात्र मी एकटीच.

आता गुडघ्याचं. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. बोन स्कॅनमध्ये ती गादी दिसत नाही. पण गादी फाटली की तिच्या खालच्या हाडावर ताण येतो, ते हाड स्वतःची डागडुजी करायला लागतं आणि डागडुजी चालू असलेलं हाड हे औषध जास्त ओढून घेतं. स्क्रीनवर तिथे डाग उमटतो. त्यासाठी शिरेत इंजेक्शन द्यायचं, तीन तास थांबायचं आणि भरपूर पाणी प्यायचं. पाण्याने मांसात रेंगाळलेलं औषध लघवीवाटे निघून जातं. ते निघालं नाही तर ढग.

मी शैला सिस्टरना विचारलं, "यांना पाणी दिलं होतं ना?"

"दिलं म्हणजे काय, मॅडम! नेहमीच्या दोन बाटल्या दिल्या, तर यांनी आणखी दोन मागून घेतल्या. चारही संपवल्या. असा गुणी पेशंट मी बघितला नाही."

मग मला जे तासाभरापूर्वी सुचायला हवं होतं ते सुचलं.

"गफूरभाई, इंजेक्शननंतर लघवीला किती वेळा गेलात?"

"एकदा बी न्हाई, मॅडम," ते अभिमानाने म्हणाले.

"चार बाटल्या पिऊन?"

गफूरभाईंनी छताकडे पाहिलं. शैला सिस्टरनी कोपऱ्यातली त्यांची पिशवी उचलली आणि वजनाने "अगं बाई!" म्हणून खाली ठेवली. आत टॉवेलमध्ये गुंडाळून चार बाटल्या. चारींची सीलं शाबूत.

"का रं गफूर, पाणी चोरतो व्हय?" काकडेसाहेब कडाडले.

"चोरलं न्हाई, साहेब. मला दिलतं, मी ठिवलं. पिलो न्हाई एवढंच." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "घरी लेक बाळंत हाय. आमच्या नांदूरघाटला टँकरचं पाणी येतं, लई गढूळ, चहावानी. हे काचेवानी पाणी हातात आलं, मॅडम, सील तोडायला मनच हुईना."

मला गलबलून आलं आणि त्याच क्षणी हसूही फुटलं. दोन्ही एकदम आलं की माणूस विचित्र आवाज काढतो. तो ऐकून शैला सिस्टर हसल्या, मग गफूरभाई आणि शेवटी तोंड फिरवून काकडेसाहेबसुद्धा.

"त्या चार बाटल्या लेकीच्या," मी म्हणाले. "पण आता माझ्यादेखत माठातलं पाणी प्यायचं. औषध सहा तासांत निम्मं होतं, उशीर नको."

गफूरभाई दोन ग्लासांनंतर अडले. दुष्काळी भागातल्या माणसाला तहान नसताना पाणी पिणं म्हणजे पाप वाटतं. तेव्हा काकडेसाहेबांनी बाह्या सरसावल्या, पाण्याचा जग उचलला आणि लग्नाच्या पंगतीत वाढतात तसे वाढायला लागले.

"घ्या पाव्हणं, एक गिलास चेअरमनच्या नावाचा!"

"एकट्यानं न्हाई, साहेब. तुमी बी घ्या."

पंगतीतला आग्रह मोडवत नाही. साहेबांनी घेतला. मग एक गफूरभाईंनी, एक साहेबांनी, असं करत माठाचा तळ दिसला. पाऊण तासात दोघंही धावले. इंजेक्शनवाल्या पेशंटचा संडास आम्ही वेगळा ठेवतो आणि काकडेसाहेब नेमके त्यातच घुसायला निघाले. "साहेब, तो किरणोत्सारवाला!" मी ओरडले. तिथून कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकापर्यंत ते ज्या वेगाने गेले, तसं पळताना कारखान्यात त्यांना कुणी पाहिलं नसेल.

दुसऱ्या स्कॅनमध्ये ढग नव्हते. डावा गुडघा शांत. उजव्याच्या आतल्या बाजूला एक ठळक काळा डाग. मी आनंदाने टाळी वाजवली. दुसऱ्याचं दुखणं पाहून टाळी वाजवणारे आम्हीच.

"हेच का ते?" गफूरभाईंनी विचारलं. डोळे भरले होते. "मॅडम, याचा फोटो मिळंल का? घरी दाखवतो. बायको बी म्हणती सोंग करतुस."

काकडेसाहेब स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "दोन काढा. एक ऑफिसला लावतो."

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कूर्चेचा नखाएवढा फाटका तुकडा निघाला, बरोबर डागाच्या जागी. गफूरभाई वर्कशॉपमध्ये बसून काम करू लागले.

रिपोर्ट लिहायच्या वेळी मी त्यांचा केसपेपर पहिल्यांदा नीट वाचला. ओपीडीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लिहून ठेवलं होतं: कुठे दुखतं विचारल्यावर पेशंट उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला एकाच जागी बोट ठेवतो. परदेशी कॅमेरा, शिशातली गाय आणि माठभर पाणी खर्चून आम्ही त्या बोटापर्यंत पोचलो होतो. तेव्हापासून मी केसपेपर आधी वाचते.