छन्नीच्या दोन खुणा

सुखदेव मिस्त्री गेल्याची बातमी मला मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आली आणि मी ती खोटी मानली. आमच्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपमध्ये एकदा एका जिवंत माणसाचा हार घातलेला फोटो फिरला होता, आणि तो माणूस दुसऱ्याच दिवशी देवरीच्या ढाब्यावर मला भात खाताना भेटला होता. शिवाय माझा स्वभाव. सकाळ झाली असं कोणी सांगितलं तरी मी खिडकी उघडून बघणार. म्हणून मी सुखदेवच्याच नंबरवर फोन लावला. तो उचलेल आणि "काऊन बे, सकाळी सकाळी?" म्हणून खेकसेल, याची वाट पाहत होतो. फोन त्याच्या बायकोनं उचलला. "खरं हाये जी भाऊ," एवढंच ती म्हणाली. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं... पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

कोहमाऱ्याच्या फाट्याजवळ, हायवेला लागून सुखदेवचं पत्र्याचं गॅरेज. शक्कीपणात तो माझाही बाप. ड्रायव्हरनं सांगितलेल्या बिघाडावर त्यानं कधी विश्वास ठेवला नाही. स्वतः गाडी चालवून पाहिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. पार्टच्या डब्यावर काय छापलंय ते वाचायचा आणि वर "पाहू" म्हणायचा. त्याचा भरवसा फक्त एका गोष्टीवर होता, छन्नीच्या खुणेवर. जोडलेल्या दोन वस्तू उघडण्याआधी मिस्त्री दोन्हींवर समोरासमोर छन्नीचा एकेक घाव मारतो, म्हणजे पुन्हा बसवताना दात्याला दाता बरोबर मिळतो. अशी खूण कोण्या अनोळखी मिस्त्रीनं मारलेली असली तरी सुखदेव ती मानायचा. "खूण म्हंजे मिस्त्रीची जबान," असं म्हणायचा.

आठ वर्षांपूर्वी माझ्या जुन्या ट्रकचं क्लचचं काम निघालं. गाडी तीन दिवस सुखदेवकडे ठेवायची होती. गॅरेजवाले चांगला माल काढून घेतात आणि दुसऱ्याचा झिजलेला बसवतात, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की माझं डोकं फिरलं. सुखदेव माझा दोस्त, हे खरं. पण दोस्त आहे म्हणून काय झालं? आदल्या दिवशी मी गाडीखाली शिरलो. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा तो लांब लोखंडी शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, तुकडे दात्यांनी एकमेकांत बसतात, आणि क्लचच्या कामाला तो उतरवावाच लागतो. दोन्ही तुकड्यांवर, जिथं हात पुरला तिथं, समोरासमोर येतात का ते न पाहता, मी छन्नीचा एकेक घाव मारून ठेवला. बदलला तर लगेच पकडीन, म्हटलं. हे मी कोणालाच सांगितलं नाही, गाडी चालवणाऱ्या धाकट्या भावाला, मोरूलाही नाही.

काम झालं, गाडी आली, आणि साठच्या वर नेली की थरथरायला लागली. पन्नासपर्यंत गाईसारखी गरीब. साठ झाले की पायाखालचा पत्रा नाचायचा, दाराची काच खडखडायची. मोरू तांदूळ घेऊन रायपूरला जायचा. परत आला की म्हणायचा, "दादा, हा शाफ्ट एक दिवस तुटून रोडात रुतते अन् गाडी मलेच घेऊन पलटते." त्याची पोरगी तेव्हा सहा महिन्यांची होती.

मी पुन्हा गाडीखाली शिरलो. माझ्या दोन्ही खुणा तिथं होत्या, एकमेकींच्या अगदी समोरासमोर. म्हणजे शाफ्ट माझाच. तेवढ्यावर माणसानं शांत व्हावं की नाही? मी म्हटलं, मग यानं गिअरबॉक्समधलं काहीतरी काढलं. सुखदेवकडे न जाता मी गाडी गोंदियाला नेली. तिथल्या टायरवाल्यानं चाकं तपासली. "चक्के तो एकदम बराबर हैं, भैया," तो म्हणाला. मी त्याच्यावरही शक घेतला. दुसऱ्यानं इंजिनाखालचे रबर बदलले. महिना गेला, थरथर तशीच. शेवटी मोरूच मला न विचारता गाडी सुखदेवकडे घेऊन गेला, आणि मी मोटरसायकलवर मागे धावलो, तो काय लपवतो ते पाहायला.

सुखदेवनं पहिला प्रश्न विचारला, "थरथर हातात येते का बुडाखाली?"

"बुडाखाली," मोरू म्हणाला.

"मंग म्होरच्या चाकाचं नाव नोको घेऊ."

त्यानं आम्हा दोघांना केबिनमध्ये आपल्या बाजूला बसवलं, इंजिनाच्या झाकणावर पाण्यानं भरलेला लोटा ठेवला आणि देवरीच्या रस्त्यानं गाडी काढली. साठला लोट्यातलं पाणी उसळून माझ्या पायावर पडलं. त्यानं क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली. पाणी उसळतच राहिलं. "इंजन नोहे," तो म्हणाला. परत येऊन मागची चाकं आपसात बदलली, पुन्हा फेरी. तसंच. मग तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"इकडे या गा दोघंई."

आम्ही वाकलो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना लोखंडाचे दोन-दोन कान असतात. ते कान एका सरळीत पाहिजेत. टॉर्चच्या उजेडात त्यानं दाखवलं, आमचे तिरपे होते, तीन दात्यांचा फरक. "खूण मिळून हाये," तो हळूच म्हणाला, "पर खूणच खोटी हाये. कोनं मारली असन बे?"

मी टॉर्चच्या उजेडातून मागे सरकलो. "मला काय माहीत," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग शाफ्ट उतरवला, दोन्ही तुकडे वेगळे केले, तीन दाते फिरवून कान सरळीत आणले. माझ्या खुणा कानसीनं घासून टाकल्या आणि आपल्या मारल्या. पुन्हा फेरी. सत्तरला लोट्यातलं पाणी फक्त काठाशी हललं. मोरू लहान पोरासारखा हसला. आणि सुखदेव, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस, मोरूपुढे हात जोडून म्हणाला, "माफ कर गा. डोये असून म्या खुणेवर भरोसा ठेवला. माह्या हातानं तुहा जीव टांगला होता." मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता... मी नाही उघडलं.

त्यानंतर मात्र माझी गाडी गॅरेजात लागली की सुखदेव जुन्या टायरवर पाट टाकून मला बसवायचा. "बस इथं. उठू नोको." चहा मागवायचा. एकेक वस्तू काढून माझ्यासमोर धरायचा. "हे पाय तुहं बेरिंग. पुसलं. हे बसवून रायलो." मला मोठं बरं वाटायचं. म्हातारपणी माणसाला सोबत लागते, असं मी मनात म्हणायचो.

मागच्या महिन्यात त्याच्या पुण्यानुमोदनाला गेलो. वंदना झाली, लोक चार शब्द बोलले. मी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो, पण त्याची बायको समोर बसलेली पाहून पाय उचलले नाहीत. जेवणानंतर मांडवात ड्रायव्हर मंडळी त्याच्या आठवणी काढत बसली. साकोलीचा एक जण म्हणाला, "वीस वर्सं गाडी आनली त्याच्याकडे, पर गाडीखाली का करते ते कदी पाहू नाही देल्लं. 'जा, च्या पिऊन ये' म्हने अन् हाकलून दे." सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "मला तर समोर बसवून ठेवायचा."

सगळे माझ्याकडे वळले. "तुलेच काऊन?"

काऊन... त्या खोट्या खुणा माझ्या, हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं, कान तिरपे दिसले त्याच घडीला. शक्की माणूस आहे मी, त्यामुळे तो मला सजा म्हणून बसवत होता की काय, असंही मनात येऊन जातं. पण ते खरं नाही, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच लाज वाटते. आठ वर्षं तो एकेक नट माझ्या डोळ्यांसमोर धरत होता, की बघ बाप्पा, तुझंच आहे, तुझंच परत बसवतोय. आणि मी टायरवर आरामात बसून चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत होतो.