पुसलेलं पान

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघं मला हसलात. तुम्हाला कुठलं औषध सोसत नाही, हे मी पुन्हा विचारून लिहून घेतलं म्हणून. "आजी, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं!" असेल. तरी मी का विचारते ते एकदा सांगून टाकते. सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणूनच तुमच्या आईला आजवर सांगितली नव्हती.

नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांचा दवाखाना शहापूरला होता आणि आठवड्यातले दोन दिवस ते मुरबाडला बसत. मी बी.ए. झालेली, अक्षर चांगलं. पेशंटांची कार्डं माझ्याकडे. शहापूरची हिरव्या पेटीत, मुरबाडची तपकिरी पेटीत. प्रत्येक कार्डावर तारीख, तक्रार, औषध, किती दिवस. जे औषध सोसलं नाही ते लाल शाईत, वरच्या कोपऱ्यात. आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हिच्या कार्डांशिवाय मी आंधळा आहे."

मग त्यांनी मदतीला एक बाई ठेवली. डोंगराकडच्या वाडीतली, माझ्याच वयाची, चौथी शिकलेली. तिची आई सुईण होती आणि आईमागून फिरून हिला दोन्ही तालुक्यांतली अर्धी घरं पाठ. पेशंट दारात दिसला की मी पेटीत बोटं घालायची आणि कार्ड सापडायच्या आत ती सांगून मोकळी. "डाक्तर, हा त्या लिंबाखालच्या घरचा. याला मागं त्या लाल गोळीनं पोटात आग पडलेली." मी कार्ड काढून बघायची, तर खरंच तसं असायचं. दर वेळी खरं असायचं. आजोबा हळूहळू माझ्याकडे न बघता तिच्याकडेच बघायला लागले. एकदा औषध कंपनीचा माणूस आला होता, त्याला ते म्हणाले, "या बाईशिवाय मी आंधळा आहे." माझंच वाक्य माझ्यासमोर तिला दिलं. त्या दिवशी मी चहात साखर घालायची विसरले असं सर्वांना वाटलं. मी विसरले नव्हते.

तिला एक सवय होती. काही कार्डांच्या कोपऱ्यात ती पेन्सिलीनं बारीक चित्र काढायची. पान, कणीस, चिमणी. मी एकदा म्हटलं, "हे काय गिरगटलंयस?"

"खूण हाय, वयनी."

कसली, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याकडून शिकावं लागलं असतं. रविवारी मी दोन्ही पेट्या आवरायला घ्यायची आणि ती चित्रं खोडरबरानं पुसायची. माझी कार्डं स्वच्छ.

भाताची आवणी लागली तशी ती आठ दिवस शेतावर गेली. मुरबाडला एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. पदर कपाळापर्यंत, सगळं सासूच बोलत होती. "खोकला हाय, ताप हाय, काम व्हत नाय." आजोबांनी मला विचारलं, "आधी कुठलं औषध सोसलं नाही असं काही?" मी तपकिरी पेटीतलं तिचं मागच्या खेपेचं कार्ड बघितलं. कोपरा कोरा होता. "काही नाही," म्हटलं. त्यांनी सल्फाच्या गोळ्या लिहिल्या.

तिसऱ्या दिवशी तिला टेंपोत घालून आणलं. ओठ सुजलेले, तोंडात फोड, अंगभर चट्टे. आजोबांनी तिला तसंच कल्याणला हलवलं आणि स्वतः बरोबर गेले. ती वाचली, हे आधीच सांगते. पण दोन दिवस ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तिथे तिचा बाप आला, शहापूरकडचा. म्हणाला, "डाक्तर, लग्नाआधी तुमच्याकडंच असं झालेलं हिला."

हिरव्या पेटीत तिचं माहेरचं कार्ड होतं. वर माझ्याच लाल अक्षरात: सल्फा नको. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं, आणि आमच्याकडे एका मुलीच्या दोन बायका झाल्या. आजोबा म्हणाले, "तुझा काय दोष? तुला कसं कळणार?"

ते गेल्यावर मी कार्डं खिडकीशी नेली. दोन्ही कार्डं उजेडात तिरपी धरली तर कोपऱ्यात पेन्सिलीचा वळ दिसत होता. दोन्हीवर तेच पान.

ती शेतावरून परतली. आजोबांनी तिच्यापुढे कार्डं ठेवली. "तुला ठाऊक होतं का, ही दोन्ही एकच?"

तिनं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं, अगदी थोडा वेळ.

"माझ्या ध्यानात नाय राहिलं, डाक्तर. चुकी झाली."

बाळांनो, मला पश्चात्तापानं बोलायला लावलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवणीत ती माझ्यापुढे होतीच. आता मोठ्या मनातही पुढे जाणार, हे मला सहन झालं नाही.

"ती विसरली नव्हती," मी म्हटलं. "तिनं दोन्ही कार्डांवर खूण केली होती. मी पुसली."

"का?" आजोबांनी विचारलं.

मी कार्डं गोळा करायला लागले. तीच म्हणाली, "डाक्तर, सुया उकळत ठेवू का? बाहेर मानसं खोळंबलीत." आणि गेली. आजोबा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले.

पुढचे सगळे रविवार आम्ही दोघी पेट्या उघडून बसलो. ती सांगायची, कोण कुठून कुठे दिली. मी प्रत्येक बाईच्या कार्डावर माहेरचं नाव आणि गाव लिहायची. जोडीच्या कार्डांवर खूण आता शाईनं करायची असं ठरलं. त्या मुलीच्या कार्डावरचं पान मीच काढणार, असा मी हट्ट धरला. आधी पेन्सिलीनं काढून दाखवलं.

तिनं कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "वयनी, तुमचं पान पोहतंय. मासोळी झाली गो ही! मासोळीची खूण दुसऱ्या बाईला दिलीया."

मला हसू आलं नाही. चित्रसुद्धा तिलाच चांगलं यावं! पण मासोळी ठेवून चालणार नव्हतं. मी खोडरबर घेतला, माझं पान पुसलं आणि शाईचं पेन तिच्या हातात दिलं.