तारेचे सात पीळ

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते त्यांतले दोष काढण्यासाठी. कुणाची साक्ष ऐकीव, कुणाचा अंधार सोयीचा, अशा खुणा मी समासात पेन्सिलीने करीत असे. भुताखेतांवर माझा कधीही विश्वास नव्हता, आणि आता बसला आहे असेही कुणी समजू नये. परंतु डिंभे धरणाच्या जलाशयात माझ्या व माझ्या जावयाच्या बाबतीत जे घडले, त्याच्या तीन हकिगती सध्या मंचरात फिरत आहेत. तिन्ही चुकीच्या आहेत. म्हणून हा खुलासा.

जावई प्रशांतराव यांनी दोन माणसांची, मासेमारीची प्लास्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, विकत घेतली. ती पाण्यात एका जागी थांबवण्याची व्यवस्था बसवून देण्याचे काम मी अंगावर घेतले. बत्तीस वर्षे मी फिटरकाम शिकवले आहे. कयाकच्या दोन्ही टोकांना कप्पी बसवली, त्यांतून दोरीचा वेढा फिरवला, वेढ्यात एक कडी अडकवली. ही कडी सरकवली की नांगराची दोरी हवी तर पुढे, हवी तर मागे नेता येते. इथपर्यंत काम निर्दोष होते.

नांगर चार पाकळ्यांचा, घडीचा. त्याची दोरी बुडाला बांधून दांड्यावरून वर आणायची आणि दांड्याच्या वरच्या टोकाच्या कडीला केवळ एका केबल टायने, म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीने, अडकवायची, असे कंपनीच्या पत्रकात होते. नांगर तळाशी अडकला तर हिसका द्यावा. टाय तुटतो, नांगर उलटा होऊन सुटतो. मला हे हास्यास्पद वाटले. मुद्दाम तुटावी म्हणून केलेली बांधणी मी आयुष्यात कुणाला शिकवलेली नाही. टायच्या जागी मी स्टीलची तार घेतली आणि पक्कडीने तिला सात पीळ दिले. हे माझ्या हाताने केले, शुद्धीत केले.

मार्गशीर्षातली दुपार होती, तीन वाजले असावेत. काठावर जाळे सुकवत बसलेल्या बुधाजीने नांगर हातात घेऊन पाहिला.

"गुरुजी, ह्ये काय केलंय राव? आमी दगुड सुतळीनं बांदतो. खाली आडाकला तर सुतळी तुटती, दगुड जातो, आपुन घरी येतो. तारंनं बांदल्यावं तुमीच ऱ्हाताल खाली."

"तुम्ही मासे धरा, बुधाजी," मी म्हणालो. "बांधणं मला शिकवू नका."

प्रशांतराव हसले. "मामांच्या गाठी सुटत नसतात. आमचं लग्न त्यांनीच जमवलंय, विचारा मला."

लाइफ जॅकेट एकच होते. ते माझ्या अंगात होते, कारण लेकीने निघताना शपथ घातली होती. प्रशांतरावांना पोहता येत नाही, हे मला पाण्याच्या मध्यावर पोहोचल्यानंतर कळले.

नांगर टाकला. ते पुढे बसून गळ टाकत होते, मी मागे दोरीपाशी. अर्ध्या तासाने पश्चिमेचा वारा वाढला, लाटा आत येऊ लागल्या, म्हणून मी नांगर ओढला. हलेना. दोनदा हिसका दिला... तार कशाला तुटते?

येथून पुढे नीट वाचावे. वारा आम्हाला पूर्वेकडे रेटत होता, म्हणजे दोरी तिरकी असायला हवी होती. ती ओळंब्यासारखी सरळ खाली उभी होती. आणि ती खाली जात होती. कयाकचे मागचे टोक बुडू लागले; पाणी माझ्या मांडीवर आले. ताणामुळे कयाकच्या खुंटीला गुंडाळलेली दोरी सुटेना. चाकू प्रशांतरावांच्या गळाच्या डब्यात, आणि डबा घ्यायला ते वळले असते तर कयाक उलटली असती.

"मामा, काय होतंय?"

"हलू नका. अजिबात हलू नका."

माझी लेक मला दिसू लागली. आणि तिच्यासमोर, जॅकेट घालून एकटाच परत आलेला बाप.

तेवढ्यात तळहाताला दोरीतून काहीतरी जाणवले. अर्धा वळसा. थांबणे. पुन्हा अर्धा वळसा. मासा नव्हे, लाट नव्हे — पिळलेली तार बोटांनी उलटी सोडताना पकड बदलावी लागते, ते थांबणे मला झोपेतही ओळखू येईल. मी मोजले. सात पूर्ण झाले. दोरी सैल पडली, कयाक वर आली.

मग खालून एक झटका आला. विहीर खणताना खालचा गडी वरच्याला दोर हलवून सांगतो ना, 'घे वर'... तसा. आणि मी, सवयीने, ओढू लागलो. दीड किलोचा नांगर, पण गाळाने भरलेली पाटी ओढावी तसे वजन होते. पाणी स्वच्छ होते, तरी मी खाली पाहिले नाही. पृष्ठभागापासून चार हातांवर वजन एकाएकी गेले, आणि नांगर मोकळा वर आला.

प्रशांतराव म्हणतात, तार ताणाने तुटली. ती तार माझ्या टेबलावर आहे, अखंड आहे. दोरीला व्यवस्थित गुंडाळलेली मिळाली, आणि हाताला टोचू नये म्हणून तिची टोके आत वळवलेली होती. शेजारी म्हणतात, म्हातारा पीळ द्यायला विसरला. त्यांनी तारेवरच्या खुणा येऊन मोजाव्यात. बुधाजी म्हणतो, "धरणाखाली गेलेल्या गावातल्यांनी वाचिवलं तुमाला," आणि त्याने नारळही फोडला. मग वाचवणाऱ्याने नंतर वर ओढायला का सांगावे?

चूक माझी होती, हे मी येथे लिहून देतो. त्या चुकीने माझी मुलगी विधवा होणार होती.

आता प्रशांतरावांनी दुसरे जॅकेट आणले आहे. येत्या रविवारी ते पुन्हा जाणार आहेत, त्याच जागी. लेकीने परवा विचारले, "बाबा, जाऊ देऊ का त्यांना?" मी नाही म्हणालो. तिने कारण विचारले. माझ्याच कसोटीला उतरेल असे एकही कारण मला देता आले नाही. खरे कारण एवढेच, की दोरीबरोबर जे चार हातांपर्यंत वर आले, ते पुन्हा तळाशी गेले की त्या चार हातांवरच थांबले आहे, हे मला ठाऊक नाही.